काकूंनी आणलेली घायपात

दोस्तांनो, आज शेजारी तोंड दाखवायची सोय ठेवली नाही मी.

गावाला गेलतो तेव्हा माझ्या कुंड्या शेजारच्या काकूंवर सोपवल्या होत्या. रोज तुळशीला पाणी घालताना त्यांनी माझ्या छोट्या काटेरी घायपातीलाही घातलं. वाळवंटातलं झाड ते, मुळापासून कुजलं. सकाळी परत आल्यावर मी त्यांना नको नको ते बोललो.

त्या एवढंच म्हणाल्या, "सगळ्यास्नी पाजून एकटीलाच तहानलेली कशी ठिवू रं?"

संध्याकाळी काकू दारात. पन्हाळ्याजवळच्या माहेरी जाऊन बांधावरचं घायपातीचं पिल्लू उपटून आणलेलं. दोन्ही हातांवर ओरखडे.

"ह्ये घे. आता पाणी घालणार न्हाय बघ."

मुळात पाणी घालू नका, हे सांगायचं मीच विसरलो होतो. सांगा, आता काय म्हणून त्यांच्यापुढं उभा राहू?