कुंपणाची चौथी बाजू

राइसा तिखोनोव्हनाचा पारा पेर्म शहर सोडल्यापासूनच चढलेला होता. सहलीच्या गाडीत तिला खालचा बर्थ मिळाला होता. वरचा बर्थ मिळालेल्या मार्गारिता ल्वोव्हना या निवृत्त संगीतशिक्षिका डब्यात शिरल्या शिरल्या तिच्याच बर्थवर बसकण मारून गुडघे चोळत बसल्या.

"तुम्ही चांगल्या दणकट आहात हो. वर सहज चढाल."

"आयुष्यभर कारखान्यात क्रेनवर चढले. आता खाली झोपणार. गुडघे मलाही आहेत!"

बाई वर गेल्या, पण उसासे खाली सोडत राहिल्या. सकाळी चहा आणि उकडलेली अंडी टेबलावर आली, तेव्हा त्यांनी नाक मुरडून उट्टं काढलं. "तुमच्या काकडीच्या लोणच्याला रंगाचा वास मारतोय."

"शेपू जास्त पडलाय," राइसा म्हणाली आणि बरणी पायाने बर्थखाली ढकलली.

वास खरंच रंगाचा होता. गाडीत रंगाचा डबा चालत नाही, म्हणून राइसाने चंदेरी रंग लोणच्याच्या बरणीत भरून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, आणि ब्रश जुन्या मोज्यात. तिला ना मठ बघायचे होते, ना सोनेरी घुमट. सहलीत कोस्त्रोमाला एक दिवस होता आणि जेवणानंतर मोकळा वेळ होता. तिची आई कोस्त्रोमाच्या स्मशानात पुरलेली होती. आईच्या थडग्याभोवतीचं कुंपण स्वतःच्या हाताने रंगवायचं, एवढ्याचसाठी ती या माणसांबरोबर आली होती.

एकटीही जाता आलं असतं. पण मग थोरल्या बहिणीला, झोयाला वाटलं असतं, राया नमली; घरात राइसाला राया म्हणत. आई गेल्याचं झोयाने इतकं उशिरा कळवलं की राइसा पोचली तेव्हा मातीसुद्धा लोटून झाली होती. वर दिवसाच्या जेवणाला, सगळ्या शेजाऱ्यांसमोर झोया म्हणाली, "आली आमची पाहुणी! आईच्या कुंपणाला तरी कधी हात लावणार आहेस का?" राइसा ताटावरून उठली ती थेट स्टेशनवर गेली. पुढे नऊ वर्षं बहिणींचं बोलणं नव्हतं. नववर्षाला झोयाचा फोन यायचा. राइसा नाव बघायची आणि कापायची.

कोस्त्रोमाला स्टास नावाचा गाइड पिवळी छत्री उंच धरून त्यांना घ्यायला आला. पोरगा गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा राइसाला पहिल्यापासून तिटकारा. मठ झाला. व्होल्गेच्या काठावर फोटो झाले. चीज चाखून झालं. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हरवायचं, मग सगळ्यांनी ताटकळायचं. जेवण उरकून राइसा पिशवी खांद्याला लावते तोच स्टासने टाळ्या वाजवल्या.

"मंडळी, खास तुमच्यासाठी बेत बदललाय! आता आपण लिननच्या कापडाच्या दुकानात जाणार. टेबलक्लॉथ, नॅपकिन, सगळं अस्सल!"

"आणि मोकळा वेळ?" राइसाने विचारलं.

"तिथे मोकळेपणाने खरेदी करा ना, आजी."

"आजी कोणाला म्हणतोस रे? दुकानदार तुझा मामा लागतो की काय, तेवढं सांग!"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. स्टासचे कान लाल झाले. "शिस्त म्हणून काही असते, राइसा तिखोनोव्हना. गट सोडला तर जबाबदारी तुमची."

"जन्मभर माझी जबाबदारी मीच घेतलीय. तू तुझे नॅपकिन सांभाळ!" क्रेनच्या केबिनमधून खाली ओरडून कमावलेला आवाज तो. पलीकडच्या फुटपाथवरची माणसंही थांबली. राइसा मात्र छोट्या बसच्या थांब्याकडे निघालीसुद्धा.

स्मशानात नवा रस्ता झाला होता, त्यामुळे वाट चुकून ती मागच्या अंगाने, खाजखुजलीच्या झुडपांतून आत शिरली. पाय पोळले. दोन फांद्यांचं बर्चचं झाड ओळखीचं होतं. त्याखाली आईचं कुंपण होतं, आणि त्याची समोरची बाजू गंजून पार तांबडी झालेली. आत लायलॅकचं झुडूप इतकं माजलेलं की पलीकडचं काही दिसत नव्हतं.

राइसाच्या अंगाचा तिळपापड झाला. "वा झोया! मला पाहुणी म्हणालीस आणि स्वतः इथे राहून ब्रश नाही लावलास? आईला गंजत ठेवलंस?" तिने बरणी उघडली, मोज्यातून ब्रश काढला आणि गजांवर रंग थापायला सुरुवात केली. गंज खरवडायचाही धीर तिला राहिला नाही. एकेका गजाला एकेक शिवी मिळाली. कोपरापर्यंत हात चंदेरी झाले, डोळ्यांतलं पाणी पुसताना गालही झाले.

"ए बाई! कोण तुम्ही? हात काढा त्या कुंपणावरचा!"

शेजारच्या थडग्यापाशी खुरपं घेऊन बसलेली एक म्हातारी तरातरा चालत आली. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट.

"माझ्या आईचं कुंपण आहे!" राइसाही कडाडली.

"खोटं बोलू नका! मी न्युरा, माझा नवरा इथे शेजारीच आहे, मला सगळं ठाऊक आहे. हे झोया तिखोनोव्हनाच्या आईचं. दर ईस्टरनंतर येऊन ती तीन बाजू रंगवते. ही बाजू तिच्या बहिणीची. मी एकदा म्हटलं, रंग उरलाय, दे ना मीच मारते, तर माझ्या अंगावर धावून आली. म्हणाली, ती राया येऊन करेल, तिचा वाटा कोणी घ्यायचा नाही."

राइसा ब्रश घेऊन तशीच वळसा घालून पुढे गेली. तिन्ही बाजू निळ्या होत्या, यंदाच्याच रंगाच्या, तुकतुकीत. आतल्या बाकाला झोयाने रंग दिला होता, पण निम्म्यालाच. उरलेलं निम्मं फळकूट उघडं, पावसाने काळं पडलेलं होतं.

"मीच ती बहीण," ती म्हणाली, आणि तिला एवढा संताप आला की मटकन बाकाच्या त्या काळ्या भागावरच बसली. झोयाचा संताप, स्वतःचा संताप, कापलेल्या प्रत्येक फोनचा संताप.  न्युराने राइसाच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि गवतावर ठेवला.

पिशवीत फोन वाजला. स्टास होता. "कुठे आहात? गाडी थांबणार नाही कोणासाठी!"

"थांबवू नकोस. माझी बॅग स्टेशनवर ठेव. आणि खालचा बर्थ मार्गारिता ल्वोव्हनांना दे. म्हणावं, उसासे बंद करा."

"पण तुम्ही जाताय कुठे?"

"भांडायला!"

झोया त्याच जुन्या लाकडी घरात राहत होती. राइसाने बेल न वाजवता दारावर बुक्के मारले. दार उघडलं. झोया वाकली होती, केस पांढरे झाले होते. तिने बहिणीचे चंदेरी हात पाहिले, मग चंदेरी गाल.

"रंग निळा आहे हे सांगायचं होतंस!" राइसा ओरडली. "आता तीन बाजू निळ्या आणि एक चंदेरी! आईच्या कुंपणाची सर्कस केलीस!"

"फोन उचलला असतास तर सांगितलं असतं," झोयाही तेवढ्याच जोरात ओरडली, आणि तिने राइसाचं मनगट घट्ट धरून तिला ओढलं. "उंबरठ्यावरून भांडू नये, अपशकुन होतो. आत ये, आणि मग काय ओरडायचं ते ओरड."