चमचा उजवीकडे

माझ्या दादाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या कामात बोलणं फारसं नव्हतंच. अडकलेल्या माणसांना बाहेरून "घाबरू नका" एवढं ओरडलं की झालं. घरी तर तेवढंही नाही. बोलण्याचं खातं वहिनीकडे, आणि वहिनीचं निम्मं बोलणं तिच्या फोनशी.

तिचा एक ग्रुप होता. सात गावांतल्या सात बायका, एकमेकींना कधीही न भेटलेल्या. रोज दुपारी जे शिजेल त्याचा फोटो टाकायचा, एवढाच नियम. करपलेलंसुद्धा चालायचं. वहिनी ताटली खिडकीच्या कट्ट्यावर मांडून, शेजारी चमचा ठेवून फोटो काढायची आणि दादा भुकेला ताटकळायचा. मला त्या बायकांचा रागच यायचा. मी आले तरी हिचं लक्ष फोनमध्ये.

पाच महिन्यांपूर्वी वहिनी गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी सगळं संपलं. मूलबाळ नाही. आठवडाभर मी राहिले, मग माझ्या घरी परतले. दर रविवारी चक्कर मारायची असं ठरवलं.

पुढचं मला मागाहून कळलं. मी परतले त्याच दिवशी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "अगं, आहेस कुठे? फोटो नाही?" दादाला "ती गेली" हे दोन शब्द काही टाइप करवेनात. त्याने बटाटे उकडले, मीठ घातलं, तिच्या ताटलीत वाढून कट्ट्यावर ठेवले, शेजारी चमचा ठेवून फोटो पाठवला. सगळ्या जणी "छान" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने डाळ-भात केला. अहो, या माणसाला चहाचं गाळणं सापडायचं नाही! तिचे जुने फोटो समोर ठेवून, रंग जुळवत जुळवत तो रांधायला लागला. फोटोत मीठ दिसत नाही, त्यामुळे कधी खारट, कधी अळणी. रविवार सोडला तर खायला तो एकटाच होता; फोटो मात्र तो माझ्या नकळत काढायचा.

त्याला धास्ती एकच होती. खरं कळलं तर त्या गप्प होतील, आणि मग वहिनीला हाक मारणारं कुणी उरणार नाही.

परवाच्या रविवारी दार उघडलं तर दादा पांघरूण गुंडाळून उभा. तीन दिवस ताप होता म्हणे.

"मला एक फोन करता येत नव्हता?" मी तोंड सोडलंच होतं, तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. नाव आलं, नर्सबाई. तिच्या ग्रुपमधली एक. फोन माझ्या हातात कोंबत दादा म्हणाला, "तू बोल. तिच्यासारखं बोल."

"वेड लागलंय का तुला?"

रिंग वाजत असतानाच त्याने चार वाक्यांत सगळं सांगितलं. मी स्पीकर लावला आणि माझ्याच आवाजात हॅलो म्हटलं.

"तुम्ही बहीण ना?" पलीकडची बाई म्हणाली. "ती सांगायची तुमच्याबद्दल, आणि रविवारी दोन ताटल्या असतात फोटोत. भाऊ बरे आहेत ना? तीन दिवस झाले, फोटो नाही."

सख्ख्या बहिणीला जे कळलं नव्हतं, ते हिला कळलं होतं. मला लाज वाटली.

"तुम्हाला माहीत होतं?" दादाने विचारलं.

"ती डावखुरी, भाऊ. तिचा चमचा कायम डावीकडे. बटाट्याच्या फोटोत उजवीकडे दिसला. आधी आठवडाभर फोटोच नाही, मग चमचा आठवडाभर उजवीकडेच राहिला, तेव्हा आम्ही समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही चूल बंद केली असती. आम्ही सहा जणींनी दुसरा ग्रुप काढलाय. तिच्यासाठी रडायला. तिचे जुने फोटो टाकतो तिथे."

दादाने पांघरूण अंगाभोवती ओढून घेतलं. पाच महिने तो या घरात तिला एकटा सांभाळत होता, आणि तिकडे सहा परक्या बायका एकमेकींपाशी रडून घेत होत्या. त्याने रडायचं कुणापाशी? मी रविवारी यायचे, जाळी-जळमटं काढून निघून जायचे.

फोन ठेवल्यावर मी मऊ भात केला. दादाने ताटली कट्ट्यावर ठेवली. चमचा डावीकडे ठेवला, मग उचलून उजवीकडे ठेवला. फोटोखाली टाइप करायला त्याला बराच वेळ लागला. "ती गेली. भात बहिणीने केलाय."

नर्सबाईचं उत्तर लगेच आलं. "माहीत आहे, भाऊ. गरम आहे तोवर जेवा."

तो जेवला नाही. ताटली मांडीवर घेऊन रडत बसला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. भात गार झाला. मी तो दोनदा गरम केला.