प्रभावळीचे डोळे

चौक गावचा भिवाजी तांबट हंडे-कळशा झकास ठोकायचा, पण बढाया अशा मारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सूर्यसुद्धा यानंच ठोकून वर टांगलाय. त्याची बायको सुंदरा ते ऐकून मुकाट्यानं हसायची. घरात तिसरं माणूस नव्हतं. मूल झालं नाही, आणि त्याचं दुःख दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

आगगाडी घाट चढायला लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. भिवाजी कर्जतला रेल्वेच्या लोकांच्या भांड्यांना कल्हई करायला जायचा. एकदा तिथं एका गोऱ्या ड्रायव्हरनं खिशातलं घड्याळ उघडलं आणि भिवाजी हातातलं पातेलं धरून तसाच उभा राहिला. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक बारीक भोवरे होते, एकावर एक अर्धे चढलेले, माशाच्या खवल्यांसारखे. घड्याळ जरा हललं की प्रत्येक भोवरा उजेड धरून फिरायचा. घरी येऊन तो सुंदराला म्हणाला, डोळे होते गं, नुसते डोळे, आणि सगळे माझ्याकडेच बघत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. सुंदराच्या अंगभर फोड उठले, पापण्या चिकटल्या. वैदू म्हणाला, जगेल, पण नजरेचं काही सांगता येत नाही. भिवाजीनं गावदेवीचं देऊळ गाठलं. अशा वेळी लोक देवीला धातूचे दोन डोळे वाहायचे. पण दोनावर भागवील तो भिवाजी कसला! त्यानं नवस केला, माझ्या बायकोची नजर राख, तुझ्यामागची अख्खी पितळी प्रभावळ डोळ्यांनी भरून देतो.

सुंदरा उठली. तोंडावर वण राहिले. दिसतं का, असं भिवाजीनं भीत भीत विचारलं, तर म्हणाली, दिसतं की. त्यानं घरातला होता नव्हता तेवढा गूळ आळीत वाटून टाकला.

मग देवळातली प्रभावळ घरी आणून पडवीत काम मांडलं. लाकडाची एक खुंटी, तिच्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंद दगडाची खरखरीत पूड, आणि खुंटीला वेढे दिलेली दोरी. सुंदरानं समोर बसून दोरी डावी-उजवी ओढायची, म्हणजे खुंटी गरगर फिरायची. भिवाजीनं ती वरून पितळेवर दाबायची. उचलली की खाली बारीक ओरखड्यांचा एक भोवरा. त्याच्या अर्ध्यावर दुसरा. सुरुवातीला खुंटी तिरकी व्हायची, भोवऱ्याला शेपूट फुटायचं, आणि भिवाजी दोरीला, पितळेला आणि त्या ड्रायव्हरच्या आईबापांना शिव्या घालायचा. पण सुंदराचा हात एकदा बसला तो बसला. तिची ओढ इतकी एकसारखी की मान वर करून तिच्याकडे बघायची त्याला गरजच उरली नाही. पावसाळाभर तो पितळेवर वाकलेला होता. मधूनच, बघ कसे झालेत, असं म्हणायचा, आणि ती पदर पुढं ओढून म्हणायची, लई छान.

नवरात्रात प्रभावळ परत द्यायची ठरली. रिवाज असा, की ज्याच्यासाठी नवस, त्यानं ती वस्तू आपल्या हातानं धुऊन द्यायची. त्या दिवशी भिवाजी नदीवर आंघोळीला गेला आणि भेटेल त्याला आपल्या कामाचं कौतुक सांगत बसला. परतला तेव्हा दारात गुरव आणि ढोलवाले येऊन थांबले होते.

सुंदरा मागच्या अंगणात होती. पुढ्यात चिंच, राख, विटकरीची पूड. मांडीवर प्रभावळ. लख्ख, पिवळीधमक, सपाट. तिच्यावर डोळे नव्हते.

भिवाजी धावत तिच्याजवळ गेला.

"आलात का?" सुंदरा म्हणाली. "सकाळधरनं घासतेय. लई खरखर राहिली व्हती. आता डोळे कसे उठून दिसत असतील, नाय?"

लग्न झाल्यापासून भिवाजीच्या प्रत्येक भांड्याचा शेवटचा हात तिचाच असायचा. ठोक्याची, कानशीची खरखर घासून काढायची आणि मगच भांडं घराबाहेर जायचं. तेच तिनं आजही केलं होतं, आणि मन लावून केलं होतं.

भिवाजी खाली बसला. तिच्या तोंडासमोरून त्यानं हात हलवला. पापणी लवली नाही. त्यानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल पडलं होतं. इतके महिने ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसत होती, आणि आपण तिच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही, हे त्याला आत्ता कळलं.

"कधीपासनं गं?"

"दोरी धरली तवा उजेड तरी कळायचा," ती हळूच म्हणाली. "तुमी एवढ्या हौसेनं डोळे काढत व्हता. कुठल्या तोंडानं सांगू?"

बाहेर ढोल वाजू लागला. गुरवानं हाक मारली. भिवाजी प्रभावळीवरून बोट फिरवत राहिला. सुंदरानं विचारलं, काय झालं, डाग राहिला का कुठं?

कमानीच्या आतल्या बेचक्यात, जिथं तिची बोटं पोचली नव्हती, तिथं एक भोवरा शिल्लक होता. भिवाजीनं तिचं बोट धरून त्यावर टेकवलं.

"इथं राहिली व्हय खरखर? द्या, काढून टाकते."

त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. "नको गं. एवढा एकच राहिलाय."

तिचं बोट तिथंच थांबलं. मग चटका बसल्यासारखा तिनं हात मागं घेतला.

"म्हंजे मी घासली ती खरखर... तेच डोळे व्हते?"

भिवाजीनं मान हलवली. ती अजून वाट बघत होती. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो म्हणाला, "व्हय."