कौलावर न गेलेली दाढ

निवांत बस गे भाचे, आणि हे पत्र नुसतं चाळू नकोस, नीट वाच. परवा फोनवर काय म्हणालीस? ‘मावशी, पोराच्या मागच्या दाढेला काळं लागलंय, पण दुधाची दाढ, पडेल आपली.’ इतकी शिकलेली तू, आणि असं बोलतेस. माझ्या नातीचं काय झालं ते सांगते.

आमच्या कुंभकोणात तिच्या सरकारी शाळेत दातांचे डॉक्टर आले होते. संध्याकाळी पोर घरी आली ती पिवळे दात घेऊन. कीड लागू नये म्हणून काहीतरी लावलं म्हणे, आणि वर सांगितलं, आज रात्री दात घासू नका. मला तिथंच खटकलं. दातांचा डॉक्टर आणि दात घासू नका म्हणतो? त्यातून फुकट. सुनेला म्हटलं, आपल्या पोरांवर औषध करून बघतायत. ती म्हणाली, ‘तुम्ही देवळातला प्रसादही हुंगून खाता.’ खाते. त्यात काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी पिवळेपणा गेला, संशय नाही गेला. वर शाळेच्या बाईंचा निरोप, मागची दाढ किडली आहे, सरकारी इस्पितळात नेऊन भरून घ्या. दुधाची दाढ कुणी भरतं का? शिकाऊ डॉक्टरांचा हात बसवायला लेकरं हवी असणार.

पोरीला घेऊन इस्पितळात गेले, ती भांडायलाच. डॉक्टरीण कोवळी पोर. म्हणाली, ‘पाट्टी,’ म्हणजे आजी, ‘ही पक्की दाढ. गेली तर परत येत नाही.’ मी म्हटलं, ‘आजीला शिकवू नकोस. हिचा पडलेला प्रत्येक दात मी शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकलाय. सगळे पुढचे. दाढ एकही टाकलेली नाही. जुनी पडलीच नाही, तर पक्की आली कुठून?’

ती हसली नाही, ते बरं केलं. ‘ही दुधाची दाढ पाडून येत नाही, सगळ्या दातांच्या मागे नव्यानं येते. कधी आली आठवतं?’

आठवलं. गेल्या वर्षी तिरुक्करुगावूरला देवीला गेलो होतो, ही दाढ येताना हिरडी सुजली म्हणून पोरीनं चिंचेचा भातसुद्धा चावला नाही.

‘तेव्हा शाळेत जात होती, का पाळण्यात होती?’

शाळेतच जात होती. दुधाचे दात बोलायला लागायच्या वयात सगळे उगवून होतात, हे मला सांगायला डॉक्टर नको; म्हणजे ही पक्कीच. दाढ भरू दिली, पण डॉक्टरणीच्या हातावरची नजर हलवली नाही.

तरी दर शुक्रवारी न्हाऊ घातलं की उजेडात बसवून तोंड उघडायला लावते. भरलेलं पांढरं अजून जागेवर आहे. किती टिकेल, कोण जाणे. सून म्हणते, ‘आता दाढेवरही पहारा.’

तुझ्या पोराची दाढ कधी आली, ते आधी आठव. मग इथल्या त्याच डॉक्टरणीला दाखवू, तुझ्या तिकडच्या डॉक्टरांचा मला भरवसा नाही. काळं आत उतरायच्या आधी ये गे, त्याला घेऊन लवकर ये.