कॅसेटमधली बाई

आमच्या घरी व्हीसीआर आला तेव्हा लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. गंगापूर रोडच्या मागच्या कॉलनीत आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. हे सातपूरच्या कारखान्यात टर्नर होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. दुबईहून परतलेला यांचा एक मित्र घर बदलत होता. 'थोडे दिवस ठेव' म्हणून त्यानं व्हीसीआर दिला आणि तो आमच्याकडेच राहिला.

आधी रविवारी शेजारपाजारचे सगळे सिनेमा बघायला यायचे. मी चहा करून दमायचे, पण मजा यायची. मग कधीतरी नाव नसलेल्या कॅसेट यायला लागल्या. हे पहिल्या पाळीहून माझ्या आधी घरी पोचायचे. मी आले की दार आतून बंद असे. उघडायला वेळ लागे. "डोळा लागला होता," म्हणत, पण माझ्याकडे बघत नसत.

मला बघायला आले तेव्हा हे सगळ्यांदेखत म्हणाले होते, "यांनी नोकरी सोडायची नाही, एवढी माझी अट आहे." त्या वाक्यावर मी होकार दिला होता. तोच माणूस आता रस्त्यानं जाणाऱ्या बाईला वरपासून खालपर्यंत मापत असे. शेजारी एक नर्सबाई राहायच्या. यांना कावीळ झाली होती तेव्हा त्या रोज ड्युटीवरून थेट आमच्याकडे येऊन इंजेक्शन द्यायच्या. त्यांच्याबद्दल एकदा जेवताना हे सहज म्हणाले, "असल्या बायका तयारच असतात." मी ताट घेऊन उठले.

रात्री माझं 'नको' यांना ऐकू येईनासं झालं. एकदा मी रडले, तर म्हणाले, "नाटकं करू नकोस. बायकांना हेच आवडतं." एवढ्या खात्रीनं बोलले, की क्षणभर मला स्वतःचाच संशय आला. पुढे मला घरी जायचीच भीती वाटू लागली. शाळा सुटली तरी मी वह्या तपासत बसायचे. हे सगळं मी कुणाला सांगणार? नवरा दारू पितो, मारतो, असं सांगणाऱ्या बायका होत्या. याला काय म्हणतात, हेच मला माहीत नव्हतं.

त्यातच सटाण्याहून माझी धाकटी बहीण आली. बँकेची परीक्षा द्यायची म्हणून क्लास लावला होता. बी.कॉम. झालेली, बावीस वर्षांची, बडबडी. आठवड्यात तिची बडबड थांबली. मेथी निवडताना हळूच म्हणाली, "ताई, दाजी समोर आले की मला सारखी ओढणी नीट करावीशी वाटते. माझंच काही चुकतंय का?"

"तुझं काही चुकत नाही," मी म्हणाले. "पण उद्यापासून मी आल्याशिवाय घरी यायचं नाही. वाचनालयात बसायचं." तिनं का म्हणून विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. घरी आले, कडी लावली आणि कपाटावरची एक कॅसेट लावली. आपण कशाला घाबरतोय ते एकदा बघायचं होतं. बाकीचं मी बघू शकले नाही, पण त्या बाईचा चेहरा बघितला. ती हसत होती. मध्येच तिची नजर बाजूला जाई, तिथे कुणीतरी उभं असावं. ते सांगेल तसं ती पुन्हा हसे. वर्गात छडीकडे बघत पाढे म्हणणारी मुलं मला माहीत होती. ही नजर तीच होती.

दारावर थाप पडली. हे आले होते. मी टीव्ही बंद न करताच दार उघडलं.

"बंद कर ते!" हे ओरडले.

"ती कुणाकडे बघतेय?" मी विचारलं. आता हात उगारतील असं वाटत होतं. "इतक्या वेळा बघितलंत, सांगा ना. ती घाबरलीय, हे एकदाही दिसलं नाही तुम्हाला?"

यांनी झटक्यात वायर उपटली आणि भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "मला सुटत नाही गं. कारखान्यातसुद्धा तेच डोळ्यांपुढे येतं. बाई दिसली की तिचं तोंड दिसतच नाही."

मला दया आली. पण भीती गेली नाही. त्याच संध्याकाळी मी बहिणीला माझ्या एका मैत्रिणीकडे राहायला पोचवलं. यांनी व्हीसीआर मित्राला परत केला. चार महिने बरे गेले, मग पुन्हा दुपारी दार आतून बंद सापडलं; आत भाड्यानं आणलेला व्हीसीआर होता. या वेळी मी भांडले नाही. बदलीचा अर्ज केला आणि इगतपुरीला खोली घेऊन एकटी राहिले. माहेरचे चिडले. "मारत नाही, पीत नाही, मग सोडून यायला झालं काय?" आई विचारायची.

हे रविवारी गाडीनं यायचे. मीच तशी अट घातली होती, की दिवसा यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. दोन वर्षं त्यांनी ती पाळली. हळूहळू माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघू लागले. बहिणीची त्यांनी आमच्या आईसमोर माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं, पण आमच्या घरी ती परत कधी राहायला आली नाही.

मग आम्ही पुन्हा एकत्र राहू लागलो. ते त्यातून पुरते सुटले का, मला ठामपणे सांगता येत नाही. मी 'नको' म्हटलं की ते थांबतात. पहिल्यांदा थांबले, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन किती तरी वेळ थरथरत उभी होते.