थैला उंबऱ्याबाहेर

तुरकरकाका गिऱ्हाइकाकडे गेले की थैला चपलांजवळ, उंबऱ्याबाहेर ठेवत. आत जाऊन पाणी पीत, धानाचं विचारत, कोणाची सोयरीक जुळली ते ऐकत. थैल्याचं नाव काढत नसत. घरधन्यानं आपण होऊन "थैल्यात का आणलं?" असं विचारलं, तरच उठत. नाहीतर तसाच उचलून निघत. म्हणत, "ज्याले पाहाचंच नाई, त्याले दाखवून का करशीन?"

राईस मिलांना धानाचं तूस काढणारे रबर रोल विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी पुण्याची नोकरी सोडून गावी, दवनीवाड्याला परतलो, धानातली ओल मोजणारं यंत्र बनवलं, आणि एकही विकू शकलो नाही. बाबा म्हणाले, "दिवाळीच्या धानापर्यंत पाहा, नाई तं पुण्याले परत जा." मग त्यांनीच तुरकरकाकांना, आपल्या जुन्या मित्राला, माझ्या मोटारसायकलवर बसवलं. मी सर्किटबद्दल बोलायला लागलो की काका तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी चोळायला घेत.

उन्हाळी धानाच्या वेळी तिरोड्याकडच्या एका मिलमध्ये मी घोळ घातला. शेतकरी, हमाल सगळे उभे होते. मालकानं दाणा दाताखाली फोडला आणि "वाळला आहे" असा निकाल दिला. आमच्याकडे मिलमालकाचा दात म्हणजे कोर्टच. काकांचं न ऐकता मी थैला आत नेला होता. चटकन मूठभर दाणे यंत्रात टाकले आणि आकडा सगळ्यांना दाखवला. धान ओला होता. मालकानं चहासुद्धा न विचारता आम्हाला वाटेला लावलं.

"काका, यंत्र खोटं नव्हतं," मी रस्त्यात कुरकुरलो.

"तू मशीन नाई विकून राहिला, बाबू. चारचौघांत त्याचे दात पाडून राहिला. त्याले आधी बोलू दे. चुकला तं एकट्यात सांग."

हे बोलतानाही त्यांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं. मी म्हटलं, "खर्रा सोडा, नागपूरला डॉक्टरला दाखवू." तर म्हणाले, "कायले घाई करतं? हंगाम होऊ दे." गिऱ्हाइकाला कधी घाई न करणारा माणूस स्वतःच्या जिवाचीही घाई करेना. मला राग यायचा. अजूनही येतो.

दिवाळीच्या आत त्यांचा जबडा कापावा लागला. वाचा गेली. नवा धान मिलांत येऊ लागला, तेव्हा मी एकटाच त्याच मालकाकडे गेलो. थैला बाहेर ठेवला.

"तुरकर काऊन नाई आले?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं चहा सांगितला. मग आम्ही बराच वेळ काकांबद्दलच बोलत बसलो. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "थैल्यात का आहे गा?"

मी त्याला आधी दाणा चावू दिला, मग यंत्र त्याच्या हातात दिलं. जवळ कोणी नव्हतं. त्यानं ते ठेवून घेतलं.

तिथून थेट काकांच्या घरी गेलो. काकी त्यांना नळीतून पेज देत होत्या. थैला मी सवयीनं चपलांजवळ ठेवला होता. काकांनी मला पाहिलं आणि हळूच बोट उंबऱ्याकडे केलं.

"रिकामा आहे, काका," मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले. मी आनंदानं सांगायला आलो होतो, पण त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. काकींनी पदरानं त्यांचे डोळे पुसले.

पुढचा उन्हाळी धान काकांनी पाहिला नाही. यंत्रं आता विकली जातात. पुण्याला परत जावं लागलं नाही. पण कोणी थैल्याचं विचारलं की आधी मला ते उंबऱ्याकडे केलेलं बोट दिसतं, आणि मग मी उठतो.