दोन रेघांमधला खडक

समुद्राचा तळ मोजणाऱ्या संशोधन जहाजावर मला नोकरी लागली तेव्हा माझा बाप म्हणाला, "आमी जल्मभर फुकट मोजला, आनि तुला त्याचा पगार देतान?"

बाप वेसाव्याचा तांडेल, स्वतःच्या होडीचा. त्याचं यंत्र म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. गोळ्याच्या खळग्यात तो साबण भरायचा. साबणाला चिकटून वर आलेला चिखल हुंगायचा आणि जागा ओळखायचा. आमचं सोनार नावाचं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं आणि तळावरून परतलेल्या आवाजाची काळी रेघ कागदावर जाळत जायचं. त्या जळक्या कागदाचा वास माझ्या शर्टाला यायचा. मी चोरून बिड्या ओढतो, असं आईचं ठाम मत होतं.

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आम्ही वेसाव्यासमोरच मोजणी केली. जहाज सरळ रेघेत जायचं, थोडं सरकून दुसऱ्या रेघेने परत यायचं. सगळीकडे चिखलच चिखल. कच्च्या नकाशाची प्रत मी मोठ्या ऐटीत घरी नेली. बाप अंगणात जाळं विणत होता. त्याने मढच्या टोकापासून बोट फिरवत आणलं, एका कोऱ्या जागी थांबला आणि मिशीत हसला.

"झकास हाय," म्हणाला. मला ती शाबासकी वाटली. मी पण असा गाढव!

जेवताना मी सांगितलं, की सोमवारी तिथूनच सोनारची नवी पेटी दोरखंडाने तळालगत ओढत न्यायची आहे आणि ते काम पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलंय. बापाचा घास हातातच राहिला. उठून त्याने नकाशा आणला.

"तुमच्या या दोन रेघांच्या मधी खडप हाय. माझ्या आज्यानं शोदलेला. तुजी पेटी फुटंल."

त्या खडकाशी घोळ मासा हमखास लागायचा. तो ठाऊक होता फक्त आमच्या घरातल्या तांडेलांना. बापाने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, आणि मी तर होडी सोडलेला.

"बाबा, नकाशावर आला का सगले येतील तिथं."

"येऊं दे. तुजी नोकरी नवी हाय."

सोमवारी पेटी सोडण्याआधी माझ्या सांगण्यावरून आम्ही ती जागा मोजली. चिखलावरून सपाट चाललेली रेघ एकदम उभी चढली आणि मला भरून आलं. जहाजावरच्या साहेबांनी खोलीचा आकडा लिहून घेतला आणि विचारलं, तुला कसं कळलं?

"बाप तांडेल आहे माझा," मी म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने.

पुढच्या हंगामात तिथे परक्या होड्या लागल्या. बाप त्यांना वळसा घालून आपली होडी पुढे काढायचा.

छापील नकाशावर तिथे आज नुसता आकडा आहे. आमच्या घरात त्या खडकाला एक नाव आहे. ते बापाने त्या जेवणाच्या वेळीच, उष्ट्या हाताने नकाशावर बोट ठेवून मला सांगितलं. साहेबांना मी सगळं दिलं, ते नाव तेवढं दिलं नाही.